सुरगाठ

तिचे पाय जमिनीवरून सुटले आणि मी उठून बाहेर आलो.

पुण्यातला एक छोटा हॉल. पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांच्या चपला दाराबाहेर, गाण्याच्या बैठकीला बसावीत तशी सतरंजीवर बसलेली. मला घेऊन गेलेला मित्र नाटकवाला, मूळचा परभणीचा. फोनवर म्हणाला होता, ‘दोराचा प्रयोग आहे. ये बघायला, तुझ्या घरचंच काम आहे.’ त्याला गंमत करायची होती. आम्ही मातंग, माझ्या आज्ज्यानं औसा तालुक्यातल्या आमच्या गावाला चाळीसेक वर्षं दोर पुरवले, हे त्याला ठाऊक होतं. मी लातुरात फोटो स्टुडिओ चालवतो हेही ठाऊक होतं. कॅमेरा मात्र आणू नकोस म्हणाला.

जिन्यात उभा राहिलो. खालच्या वॉचमननं विचारलं, ‘वर योगा चाललाय का?’ मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार? की वर एक माणूस एका बाईला जपानी तऱ्हेनं दोरानं बांधतोय, आणि ती तिच्या मर्जीनं बांधून घेतेय, आणि लोक ते शांतपणे बघतायत? मला स्वतःलाच अजून ते नीट सांगता येत नव्हतं.

पण मी बाहेर आलो ते लाजेनं नाही. स्टुडिओत माझं एक काम ठरलेलं असतं. खेड्यातून कुणीतरी येतं, बहुतेक वेळा मेहुणा नाहीतर पुतण्या, खिशातून आधार कार्ड काढतो आणि म्हणतो, यातला फोटो मोठा करून पाहिजे, बारा बाय अठरा, तेराव्याच्या आत. मी विचारत नाही. तोच सांगतो. कधी ‘अटॅक’ म्हणतो, कधी नुसताच गळ्याकडे हात नेतो. नापिकीच्या वर्षांत ही कामं वाढतात. आधारचा फोटो इतका वाईट असतो की माणसाचे डोळेसुद्धा मलाच अंदाजानं उजळावे लागतात. शर्टाची कॉलर नीट करतो, मागं निळा पडदा टाकतो. अशा किती फ्रेमा केल्या ते मोजलं नाही. आमच्या भागात दोराला लटकलेलं शरीर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या हॉलमध्ये बसलेल्या बाकीच्यांना तिथं पाण्यात तरंगणारं काहीतरी दिसत असेल. मला आधार कार्डं दिसली.

दहा मिनिटांनी परत आत गेलो. चपला आत राहिल्या होत्या असं कारण सांगायला बरं झालं असतं, पण त्याही बाहेरच होत्या. उगाचच गेलो. आणि गेलो म्हणून मला ते बघायला मिळालं ज्यासाठी आज हे लिहितोय.

तो तिला सोडत होता. खाली उतरवून झालं होतं. ती कुशीवर पडलेली, आणि तो एकेक फेरा काढत होता. घाई नाही. जेवढा वेळ बांधायला लागला असेल तेवढाच सोडायला लागला. दोर अंगावरून ओढून घेताना तो आपला दुसरा हात मध्ये ठेवायचा, म्हणजे कातडीला चटका बसू नये. एक फेरा सुटला की थांबायचा. तिची बोटं हातात घेऊन दाबून बघायचा, ती उलट दाबायची. मग पुढचा. शेवटी ती उठून बसली, तिनं पाणी मागितलं, आणि तेवढ्यात कुणीतरी मागं शिंकलं तर ती हसली. बस. टाळ्यासुद्धा कुणाला सुचल्या नाहीत.

परतीच्या एसटीत मला आज्जा आठवत राहिला.

आज्जा अंबाडीचा दोर करायचा, घायपाताचाही. अंबाडीच्या काड्यांच्या पेंढ्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या, चांगल्या कुजल्या की साल सोलायची. तो वास मी कधी विसरणार नाही, आणि तो वास अंगाला असतो म्हणून वर्गात बाकाच्या टोकाला बसवलेलंही विसरणार नाही. साल धुऊन, बडवून, वाळवून पांढरी झाली की वळायची. एका टोकाला मी लाकडी फिरकी धरून बसायचो, आज्जा मागं मागं सरकत तंतू सोडत जायचा. आधी एकेक पेड उजवीकडं पिळायचा. मग असे तीन पेड एकत्र घेऊन डावीकडं. प्रत्येक पेड सुटायला बघतो, आणि त्याचं सुटायला बघणंच बाकीच्या दोघांना आवळतं. लहानपणी मला हे कळायचं नाही. आज्जा म्हणायचा, ‘तिघंबी पळून जायला बघतेत, म्हून कुनीच जात न्हाई.’

नंतर मी जपानी दोर हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा पेड मोजले. तीनच. सहा मिलिमीटर जाडीचा, सात-आठ मीटर लांबीचा ताग. वळून झाला की आचेवरून फिरवून वरची कूस जाळतात, तेल लावतात, पुन्हा पुन्हा हातातून ओढून मऊ करतात. आज्जासुद्धा वेसणीच्या दोराला तेल चोळायचा. बैलाच्या नाकातली गोष्ट, खरखरीत चालत नाही.

पोळ्याच्या आधी आज्ज्याच्या कामाला ऊत यायचा. वेसणी, म्होरक्या, कासरे, दावी. घरोघर नवे दोर पोचवायचे आणि खळ्यावर धान्य मागायला जायचं. दोर आमचा, गोठा दुसऱ्याचा. आमच्या दावणीला कधी एक शेळी असली तर असली. पण आज्ज्याला बैल बांधायची जी अक्कल होती ती बैलवाल्यांना नव्हती, असं तो स्वतःच म्हणायचा. त्याचा नियम साधा: गळ्यापाशी निरगाठ, खुंट्यापाशी सुरगाठ. गळ्यातला फेरा जनावरानं कितीही हिसके दिले तरी आवळला नाही पाहिजे, म्हणून तिथं पक्की गाठ. आणि खुंट्याला अशी गाठ की टोक ओढलं की मोकळी. गोठ्याला आग लागली तर? पाणी शिरलं तर? ‘सोडाया येत न्हाई त्येनं बांधू नये’, हे तो मला नाही, बैलवाल्या मालकांना ऐकवायचा. चावडीवर ज्यांच्यासमोर चप्पल हातात धरायची, त्यांना गोठ्यात सुनवायचा.

पुण्यातल्या त्या बांधणाऱ्यानं मला पुढं एकदा मनगटाभोवतीची पहिली गाठ दाखवली. दोर मधोमध दुमडायचा, दुहेरी करून फेरे घ्यायचे, आणि अशी गाठ मारायची की दोर कितीही ताणला तरी मनगटावरचा फेरा आवळणार नाही. सगळ्यांना आधी हीच शिकवतात म्हणे. मी त्याला म्हणालो, ही तर आमची गळ्यातली गाठ. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

जपानीत शिबारी म्हणजे नुसतं बांधणं. गठुडं बांधलं तरी त्याच धातूचा शब्द. अंगाभोवतीच्या घट्ट बांधण्याला किनबाकु म्हणतात. मूळ काही फार सुंदर नाही. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या जपानात, कैद्यांना दोरानं जेरबंद करायची होजोजुत्सु नावाची विद्या होती. माणसाचा दर्जा काय, गुन्हा काय, यावरून बांधायची तऱ्हा बदलायची. गुन्हा ठरण्याआधी पकडलेल्याला बांधताना नुसते फेरे घ्यायचे, गाठ मारायची नाही, कारण गाठ बसली की बेअब्रू, असंही सांगतात. मला हे वाचून आपलाच गावगाडा आठवला. कुणाला कसं बांधायचं ते तिथंही ठरलेलंच होतं.

त्या विद्येची कला झाली ती बरीचशी एका चित्रकारामुळे. इतो सेइउ, 1882 चा जन्म, 1961 ला गेला. जुन्या नाटकांतले, छापील चित्रांतले छळाचे प्रसंग त्यानं डोक्यात घेतले होते. योशितोशी या छापचित्रकाराचं 1885 चं एक चित्र आहे: गरोदर बाई उलटी टांगलेली, खाली म्हातारी सुरीला धार लावतेय. इतोनं 1921 च्या सुमारास स्वतःच्या गरोदर बायकोला तसंच टांगून फोटो काढून घेतले. लोक त्याला या कलेचा बाप म्हणतात. असेल. मला त्या बायकोचं म्हणणं ऐकायचं होतं, ते कुठं सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘कितान क्लब’सारख्या मासिकांतून हे प्रकरण वाचकांपर्यंत पोचलं, 1947 ते 1975 एवढी वर्षं ते मासिक निघत होतं, आणि पुढं रंगमंचावरचे प्रयोग आले.

युरोपातही कुणी कुणी हे केलं. हान्स बेल्मर या जर्मन कलावंतानं 1958 मध्ये आपल्या जोडीदारणीला, उनिका झुर्नला, बारीक दोरीनं आवळून फोटो काढले. ती स्वतः लिहिणारी, चित्रं काढणारी बाई. फोटोत तिचं तोंड नाही, फक्त दोरीमधून वर आलेलं मांस. अतिवास्तववाद्यांच्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ते छापलं. थोर असेल. माझ्याच्यानं बघवत नाही, आणि बघवत नाही हे कबूल करायला फोटोग्राफरला लाज वाटू नये असं मला वाटतं.

माझं सगळं घोडं अडलं ते अराकीपाशी. नोबुयोशी अराकी, जपानी फोटोग्राफर, 1940 चा. फोटोग्राफी शिकणाऱ्याला तो टाळता येत नाही. किमोनोतल्या, छतापासून दोरानं टांगलेल्या, सरळ कॅमेऱ्यात बघणाऱ्या बायका. मी ते फोटो वर्षानुवर्षं बघितले होते आणि त्या सरळ बघण्यावर भाळलो होतो. म्हणायचो, बघा, ही बाई घाबरलेली नाही, हिची नजर आपल्यालाच बांधते. 2018 मध्ये त्याच्या काओरी नावाच्या मॉडेलनं लिहिलं. 2001 पासून 2016 पर्यंत ती त्याच्यासाठी उभी राहिली होती. तिचं म्हणणं असं, की कधी करार नव्हता, कित्येक कामांचे पैसे नव्हते, आणि तिला न विचारता फोटो छापले, विकले गेले. ज्या नजरेला मी मोकळी म्हणत होतो तिच्यामागं हे होतं. मला नजरेतलं काही कळत नाही, एवढंच यातून कळलं. दोर तर दर वेळी सुटत असणार. निरगाठ दुसरीकडंच होती.

आणि तिथं मला फोटोग्राफीचा, म्हणजे माझ्या धंद्याचा, दोष दिसायला लागला. प्रयोगात सोडणं असतं. फोटोत नसतं. फोटो म्हणजे बांधलेल्या क्षणाला मारलेली निरगाठ. बाईला बांधलं, फोटो काढला, सोडलं, ती चहा पिऊन घरी गेली, तिला मुलं झाली, ती म्हातारी झाली, तरी फोटोत ती बांधलेलीच.

म्हणून मी म्हटलं, सोडण्याचेच फोटो काढू.

ते दोघं लातूरला आले. जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या डाळमिलचं गोदाम. आमच्याकडं डाळमिलांना तोटा नाही, आणि बंद पडलेल्यांनाही नाही. तुरीचा भुसा कोपऱ्याकोपऱ्यात, वरच्या पत्र्याला एक फट, तिच्यातून साडेअकराला उजेडाची पट्टी खाली येते. माझी एकच अट होती, टांगायचं नाही. का ते सांगितलं. बांधणारा गप्प झाला, आणि ती म्हणाली, ‘मलाही मग जमिनीवरच बरं.’

ती मुलांना नाटक शिकवते. पालकांनी ओळखू नये म्हणून चेहरा नको म्हणाली. पांढरा सुती सदरा, विजार, केस वर बांधलेले. सुरुवात करण्याआधी आम्ही तिघांनी एका कागदावर लिहून काढलं: कुठले फोटो राहतील, कुठं दाखवायचे, पैसे किती, आणि तिनं नंतर कधीही नको म्हटलं तर काढून टाकायचे. बांधणाऱ्यानं बोथट टोकाची कात्री, दवाखान्यात बँडेज कापायची असते तशी, उजव्या हाताशी ठेवली. एक शब्द ठरला, ‘पाणी’. तो ऐकला की सगळं थांबवायचं. मी म्हटलं, मराठवाड्यात हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतो, चुकून येईल. तरी तोच ठेवला.

हात पाठीमागं, आणि दंडावरून छातीभोवती दोराचे फेरे, याला ताकाते-कोते म्हणतात. दिसायला सोपं. पण दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून एक नस जाते, रेडियल म्हणतात तिला, आणि दोर चुकीच्या बोटभर जागी बसला तर ती दाबली जाऊन मनगट लुळं पडतं, पंजा वर उचलता येत नाही, कधी कधी कितीतरी आठवडे. म्हणून तो सारखा तिच्या बोटांना हात लावत होता. पुण्याच्या हॉलमध्ये मला ते लाडिकपणाचं वाटलं होतं. आज्जा नवी म्होरकी घातली की बैलाच्या कानामागं बोट घालून बघायचा, तसंच होतं ते.

सोडण्याचे फोटो काही आले नाहीत. खरं सांगतो. दोनशेवर फ्रेमा मारल्या. सोडताना दोर म्हणजे नुसता गुंता, हात अस्पष्ट, अंग वाकडं, काही काही फोटोंत तर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं. बांधणं डोळ्याला बसतं, त्यात नक्षी असते. सोडण्याला आकारच नाही. दिवसभरात एकच फोटो खरा उतरला: दोर अर्धा सुटलाय, ती मान वळवून त्याला काहीतरी सांगतेय, आणि फटीतला उजेड नेमका तिच्या गालावर. स्क्रीनवर बघून ती म्हणाली, ‘हा नको. चेहरा येतोय.’ मी म्हटलं, फक्त गाल आहे. ती म्हणाली, ‘आई ओळखेल.’ मी आणखी एकदा बोललो, उजेडाबद्दल. ती काही बोलली नाही, कागदाकडं बघितलं. पुसला. गेली कित्येक वर्षं माझ्या हातून तसा फोटो झालेला नाही, आणि तो आता माझ्या वाक्याशिवाय कुठंच नाही.

उरले ते दोन. एक बांधलेल्या पाठीचा, आणि एक सोडल्यानंतर लगेचचा, दंडावर उठलेल्या वळांचा. वळलेल्या दोराचे वळ. तीन पेडांची तिरपी नक्षी कातडीवर जशीच्या तशी.

त्याच आठवड्यात आजी मोतीबिंदू काढायला लातूरला आली होती. दवाखान्यातून सुटल्यावर काळा चष्मा लावून स्टुडिओत बसली, आणि प्रिंट टेबलावर पसरलेले. लपवायला वेळ मिळाला नाही. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, पाठीचा प्रिंट उचलून नाकापाशी नेला. मी मनात उत्तरं जुळवत होतो. कला, जपान, संमती.

‘ह्यो अंबाडीचा न्हाई,’ ती म्हणाली.

‘तागाचा आहे.’

‘कुनी बांधलंय हिला?’

‘तिनंच बांधून घेतलंय. नाटक असतं तसं.’

तिनं आणखी थोडा वेळ बघितलं. दोराच्या फेऱ्यांवरून बोट फिरवलं, सुरुवात कुठं, शेवट कुठं, ते शोधत. ‘बांधलंय बेस. सोडलास का न्हाई मग?’

‘सोडलं की.’

‘मग त्येचा फोटू कुठंय?’

मी दुसरा प्रिंट पुढं केला. वळ बघून ती गप्प झाली. जोरात पंखा फिरत होता, प्रिंट उडू नये म्हणून तिनं त्याच्यावर तळवा ठेवला.

‘हे कवा जातेत?’

‘तासाभरात गेले.’

‘तुझ्या आज्ज्याचे न्हाई गेले,’ ती म्हणाली.

आज्ज्याच्या तळहाताला दोरानं पडलेले घट्टे मला माहीत होते. शेवटी आंघोळ घालताना मी ते धुतलेत. पण ती हाताचं म्हणाली की पाठीचं, मी विचारलं नाही. तो जुन्या काळात कुणाच्या तरी वाड्यावर सालानं होता, एवढंच घरात बोललं जायचं, त्याच्या पुढचं नाही.

आज्जा कीर्तनाला देवळाच्या पायऱ्यांखाली बसायचा. उखळबंधनाची कथा त्याची आवडती. यशोदा कृष्णाला उखळाला बांधायला जाते, दोर दोन बोटं कमी पडतो, दुसरा जोडते, तरी दोन बोटं कमी. शेवटी आईचा घाम बघून देवच बांधून घेतो. बुवा इथं भक्तीचं निरूपण करायचे. आज्जा घरी येताना म्हणायचा, ‘आमच्याकडनं न्यायचा हुता दोर. दोन बोटं कमी पडला नसता.’ मला आता वाटतं, बांधून घेणाऱ्याच्या मर्जीशिवाय दोर पुरत नाही, ही गोष्ट आमच्या पायऱ्यांखाली शतकानुशतकं ऐकू येत होती. जपानला जायची गरज नव्हती. पण मी गेल्याशिवाय ती ऐकू आली नाही, हेही खरं.

तैवानहून न्यूयॉर्कला गेलेला तेहचिंग शिए आणि अमेरिकेतली लिंडा मोंटानो, या दोन कलावंतांनी 4 जुलै 1983 पासून बरोबर एक वर्ष कमरेला आठ फुटांचा एकच दोर बांधून घेतला होता. एकमेकांना शिवायचं नाही, दोर काढायचा नाही. झोपायला वेगवेगळ्या खाटा. कामाला, संडासाला, भांडायला, सगळीकडं आठ फुटांत. मी आजीला हे सांगितलं, तिचं मन दुसरीकडं वळावं म्हणून.

‘नवरा-बायकू हुते का?’

‘नाही. नीट ओळखही नव्हती.’

‘मग बरं जमलं असंल,’ ती म्हणाली आणि चष्मा खाली घेतला.

टेबलाखाली शूटिंगचा एक दोर राहिला होता, बांधणारा विसरून गेला होता. तिच्या पायाला लागला तसा तिनं वर ओढून घेतला. टोकाचा पीळ सुटून कुंचल्यासारखं झालं होतं. न बघता, मांडीवर ठेवून, तिनं तिन्ही पेड वेगळे केले, एकेक उजवीकडं पिळला, तिघांना मिळून डावीकडं, आणि टोकाला बारीक गाठ मारली. कितीला पडतो विचारलं. मी खऱ्या किमतीच्या निम्मी सांगितली, तरी तिनं कपाळावर हात मारला.

मग दोराची नीट मोळी केली आणि पिशवीत औषधांच्या खाली घातली.

‘दुसऱ्याचा आहे तो,’ मी म्हटलं.

‘शेळीला हुतंय,’ ती म्हणाली.